सर्वांगीण बालपणाचा बाजारभाव

नगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता सीना नदीवरील पूल ओलांडतो आणि नागापूरची वस्ती सुरू होते. गावाला लागून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. एका अंगाला महानगरपालिकेची हद्द, दुसऱ्या अंगाला नवनागापूर ग्रामपंचायतीची, असा हा सरमिसळ परिसर. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. कारखान्यांच्या पाट्याही बदलत असतात. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर या फ्रेंच कंपनीकडे गेला. वस्तीचा दिनक्रम मात्र पूर्वीप्रमाणेच पाळ्यांवर चालतो. सकाळची पाळी गाठण्यासाठी निघालेले कामगार आणि पिवळ्या बसची वाट पाहणारी, गळ्यात टाय बांधलेली मुले एकाच वेळी रस्त्यावर येतात. त्या बसवर, शाळेच्या फाटकावर आणि जून महिन्यापूर्वी वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर एक शब्दप्रयोग हटकून आढळतो : मुलांचा सर्वांगीण विकास.

हा शब्दप्रयोग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे धावणाऱ्या पालकाची टिंगल करणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा जुना छंद आहे, आणि ती टिंगल करणाऱ्यांपैकी बहुतेकांची स्वतःची मुले अशाच शाळांतून शिकून बाहेर पडलेली असतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेड यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून, मराठवाड्यातून किंवा थेट बिहारमधून येथे आलेला कामगार मुलाच्या शाळेवर पैसे खर्च करतो तेव्हा तो केवळ प्रतिष्ठेच्या मागे लागलेला असतो, असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. आपल्या मुलाला चित्र काढता यावे, व्यासपीठावर उभे राहून चार वाक्ये बोलता यावीत, मैदानावर खेळता यावे, संगणक हाताळता यावा, साहेबासमोर त्याची मान खाली जाऊ नये, असे त्याला वाटते. घोकंपट्टीपलीकडचे काहीतरी त्याला हवे असते आणि सरकारी शाळेत ते मिळणार नाही अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि पैसे मोजून तो जे घेतो ते त्याच्या पदरात पडते काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम खर्चाचा अंदाज घेऊ. समजा, एका कंत्राटी कामगाराला महिना अठरा हजार रुपये मिळतात. त्याची दोन मुले वर्षाला प्रत्येकी वीस हजार रुपये शुल्क असलेल्या मध्यम प्रतीच्या शाळेत जातात, आणि बस, गणवेश, वह्या-पुस्तके, स्नेहसंमेलनाचा पोशाख यांवर प्रत्येकी आणखी दहा हजार खर्च होतात. दोन लाख सोळा हजारांच्या वार्षिक उत्पन्नातून साठ हजार रुपये शाळेकडे गेले. हे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक आहे. घरभाडे आणि धान्य वजा जाता जे उरते त्यातील मोठा वाटा हा आहे. ज्या वस्तूवर गरीब कुटुंब इतका वाटा खर्च करते ती वस्तू चैनीची नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत तिने आवश्यक वस्तूंच्या यादीत प्रवेश केलेला असतो.

तो कसा झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. खेड्यातील बालपण दरिद्री असेल, परंतु ते अरुंद नव्हते. विहिरीत पोहणे, झाडावर चढणे, बैलांना पोळ्यासाठी सजवणे, हुरडा भाजणे, हरिनाम सप्ताहात टाळ घेऊन उभे राहणे, सुताराच्या किंवा कुंभाराच्या अंगणात तासन् तास बसून त्याचे हात पाहणे, हे सारे शिक्षणच होते आणि त्याला शुल्क नव्हते. त्या बालपणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात मुलींच्या वाट्याला पाणी भरणे आणि धाकटी भावंडे सांभाळणे अधिक होते, आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला त्या विहिरीवर जाता येत नव्हते. परंतु औद्योगिक वसाहतीशेजारच्या दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला त्यातील काहीच उरलेले नाही. आई-वडील दोघेही कामावर, आजी गावाकडे, बाहेर जड वाहनांचा रस्ता, आणि खेळावयास जागा म्हटली तर कोणाचा तरी मोकळा भूखंड, तोही कुंपण पडेपर्यंत. पूर्वी फुकट मिळणारे मैदान, संगत आणि हस्तकौशल्य आता विकत घ्यावे लागते. खाजगी शाळेने ही मागणी ओळखली, आणि सरकारी यंत्रणेला ती आजही पुरती उमगलेली नाही.

यात आणखी एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सरकारी प्राथमिक शाळा मुलाला घेते ती सहाव्या वर्षी. त्याआधी अंगणवाडी असते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाड्यांचे जाळे उभे राहिले आणि त्यांनी कुपोषणाविरुद्ध मोठे काम केले. पण पालकांच्या नजरेत अंगणवाडी म्हणजे खाऊ आणि लसीकरण. शाळा म्हणून तिचे नाव कोणी घेत नाही. खाजगी शाळा मात्र मुलाला तिसऱ्या वर्षी उचलते. नर्सरी, छोटा शिशू, मोठा शिशू अशी तीन वर्षे ज्या इमारतीत काढली, जेथे त्याचे मित्र झाले, जेथली बस दारात येते, ती इमारत सोडून त्याला पहिलीत सरकारी शाळेत घालावयाचे तर पालकाला मुद्दाम निर्णय घ्यावा लागतो. तो बहुधा घेतला जात नाही. शाळेची निवड होते ती मूल तीन वर्षांचे असताना, आणि त्या वेळी स्पर्धेत सरकारी शाळा उभीच नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. कागदावर ते योग्यच आहे. अंगणवाडी एका खात्याकडे आणि शाळा दुसऱ्या खात्याकडे, ही व्यवस्था राहील तोवर त्याचा पालकाच्या निर्णयावर फारसा परिणाम होईल असे दिसत नाही.

खाजगी या शब्दाचे दोन अर्थ

या चर्चेत खाजगी हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. महाराष्ट्रात शिक्षणाचा इतिहास हाच मुळी मोठ्या प्रमाणावर खाजगी प्रयत्नांचा इतिहास आहे. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ती शाळा सरकारी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० मध्ये सुरू केलेले न्यू इंग्लिश स्कूल खाजगी होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांची १९१९ मधील रयत शिक्षण संस्थाही खाजगीच. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सरकारने अनुदान द्यावे आणि संस्थांनी शाळा चालवावी ही पद्धत रूढ झाली, आणि आजही या राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा कणा म्हणजे अशा अनुदानित खाजगी शाळा आहेत. त्यांचे शिक्षक सरकारी वेतनश्रेणी घेतात आणि तेथील पालक नाममात्र शुल्क भरतो. दुसऱ्या अर्थाच्या खाजगी शाळा, म्हणजे सर्वस्वी शुल्कावर चालणाऱ्या, ही अलीकडची पैदास आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने त्यांचा मार्ग प्रशस्त केला, आणि पुढे दुरुस्ती करून कंपन्यांनाही शाळा काढण्याची मुभा देण्यात आली.

जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे आणि सरकारने त्यावर अधिक खर्च करावा अशी मागणी केली होती. स्वतः खाजगी शाळा काढणारा माणूस सरकारकडे ही मागणी करतो, यात विसंगती नाही. खाजगी प्रयत्न वाट दाखवू शकतो. सर्व मुलांना त्या वाटेने नेण्याचे बळ त्याच्याकडे नसते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

सर्वांगीण शिक्षणाच्या बाबतीत तर या जिल्ह्याजवळ स्वतःचे एक उदाहरण आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० मध्ये तो सुरू झाला आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. त्याच परिसरात १९६४ साली प्रवरा पब्लिक स्कूल ही इंग्रजी माध्यमाची निवासी शाळा निघाली. डेहराडून आणि पाचगणीच्या शाळांत राजेरजवाड्यांच्या व बड्या अधिकाऱ्यांच्या मुलांना जे शिक्षण मिळते ते ऊस पिकवणाऱ्याच्या मुलाला का मिळू नये, हा त्यामागचा सवाल होता. तो सवाल बिनतोड होता. मैदाने, वसतिगृह, शिस्त, इंग्रजीवर प्रभुत्व, यांवर शहरातील विशिष्ट घरांचीच मक्तेदारी असावी असा काही निसर्गनियम नाही. मात्र त्या प्रयोगाची आर्थिक बाजू निराळी होती. सहकारी साखर कारखानदारीत उसाच्या भावातून शिक्षणासाठी कपात करण्याची प्रथा रुजली आणि त्या पैशावर जिल्ह्यात शाळा-महाविद्यालये उभी राहिली. टनामागे काही रक्कम प्रत्येक सभासद देत असे, त्याचे मूल त्या शाळेत असो वा नसो. पुढे या संस्थांचे काय झाले, त्या कोणाच्या घराण्याच्या झाल्या, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढे मात्र खरे की त्या वेळी शिक्षणाचा खर्च एकट्या पालकाच्या माथी मारलेला नव्हता.

दुसरी दोन उदाहरणे जिल्ह्याबाहेरची आहेत, पण ती टाळून पुढे जाता येत नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन काढले. दोन्ही शाळा मराठी माध्यमाच्या. फलटणच्या शाळेच्या संस्थापिका जन्माने अमेरिकन, मातृभाषा इंग्रजी, आणि त्यांनी शाळा काढली ती मराठीतून शिकवणारी! इंग्रजी उत्तम शिकवता येते आणि त्यासाठी मुलाची भाषा हिरावून घ्यावी लागत नाही, हे भाषाशास्त्राचा व्यासंग असलेल्या या बाईंना दाखवून द्यावयाचे होते. कोल्हापुरात मुले बाजारात जाऊन भाव विचारीत, नदीवर जात, त्यावर लिहीत, चित्रे काढीत, वाद घालीत, आणि त्यातूनच गणित व भाषा शिकत. अशा शाळांमध्ये डोळे दिपवणारी इमारत आढळत नाही. त्यांच्याजवळ एक विचार होता आणि तो दररोज वर्गात उतरवणारे शिक्षक होते. याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अंगणातल्या खडे-पाने-शिंपल्यांतून शिक्षणाची साधने निर्माण केली. खऱ्या अर्थाने सर्वांगीण असलेले बालशिक्षण या महाराष्ट्रात सर्वांत गरीब मुलांसाठी झालेले आहे, आणि त्याला वातानुकूलित वर्ग लागला नव्हता.

पालक नेमके काय विकत घेतो

असे असता नागापूरच्या पालकापुढे जी शाळा उभी असते ती या परंपरेतील असते काय? काही असतीलही. त्याच औद्योगिक वसाहतीत स्नेहालय ही १९८९ मध्ये सुरू झालेली संस्था देहविक्रयाच्या विळख्यातील स्त्रियांच्या आणि इतर वंचित मुलांसाठी काम करते, तेथेही इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. शहरातील झोपडपट्ट्यांत बालभवने चालवून शाळेबाहेरच्या वेळेत खेळ, वाचन, अभ्यास यांची सोय ती करते. तेव्हा इंग्रजी माध्यम म्हणजे नफेखोरी असे समीकरण मांडणे बरोबर नाही. परंतु शुल्कावर चालणाऱ्या बहुसंख्य छोट्या शाळांचे गणित कठोर असते, आणि ते समजून घेतले पाहिजे.

शिक्षण ही अशी वस्तू आहे की तिचा दर्जा ग्राहकाला घेताना कळत नाही, आणि कळतो तेव्हा परत करण्याची वेळ निघून गेलेली असते. भाजी हातात घेऊन पाहता येते. पहिलीच्या वर्गातील शिक्षिका कशी शिकवते हे स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या बापाला कसे कळावे? तो मग दिसणाऱ्या खुणांवर भरवसा ठेवतो. बूट, टाय, इंग्रजीतील प्रार्थना, रंगीत भिंती, मंगल कार्यालयात होणारे स्नेहसंमेलन. संस्थाचालकही शहाणा असतो. पैसा जेथे दिसेल तेथेच तो खर्च करतो. वर्षातून एकदा भाड्याने आणलेल्या पोशाखांत, ध्वनिफितीवर, बाहेरून बोलावलेल्या नृत्यशिक्षकाने पंधरा दिवसांत बसवलेला नाच पालकाला कलाशिक्षण म्हणून दाखवला जातो. वर्षभर आठवड्याला दोन तास मुलांच्या हाती रंग आणि माती देणारा चित्रकलेचा शिक्षक मात्र नेमला जात नाही, कारण त्याचा पगार दिसतो आणि काम दिसत नाही. मैदान म्हणाल तर पत्रकातील छायाचित्रात असते.

शिक्षकांच्या पगाराचा मुद्दा या सदराच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अशा शाळांतील शिक्षिका बहुधा पदवीधर, लग्न होऊन या शहरात आलेल्या, आणि सरकारी शिक्षकाच्या वेतनाच्या अल्पशा हिश्श्यावर काम करणाऱ्या असतात. त्या मन लावून शिकवतात, यात शंका नाही. पण एखादी दोन वर्षांत सोडून जाते, दुसरी येते, आणि मुलाला ओळखणारे कोणी शाळेत राहत नाही. सरकारनेही या बाबतीत फार टेंभा मिरवू नये. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेने सुशिक्षित तरुणांना वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवले; प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले.

या संदर्भात आंध्र प्रदेशातील एक अभ्यास नमूद करण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत २००८ पासून तो केला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोडत काढून काही सरकारी शाळांतील मुलांना खाजगी शाळेचे शुल्क देण्यात आले, आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्याशी चार वर्षांनी त्यांची तुलना करण्यात आली. तेलुगू आणि गणित या विषयांत दोघांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतील मुले बरीच पुढे होती, कारण सरकारी शाळांत तो विषय त्या इयत्तांत शिकवलाच जात नव्हता. खाजगी शाळा तेलुगू व गणिताला कमी तास देत, उरलेले तास इतर विषयांना देत, आणि तरीही मूळ विषयांत मागे पडत नसत. एका मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता.

हा अभ्यास दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने उद्धृत करतात. वस्तुतः त्याने दोघांनाही अडचणीत आणले आहे. खाजगी शाळेत मूल गणितात हुशार होते, हा दावा त्यातून टिकत नाही. पण थोड्या खर्चात वेळापत्रकाची रुंदी वाढवता येते, हेही त्यातून सिद्ध होते, आणि नागापूरचा पालक जे म्हणतो ते नेमके हेच आहे. त्याची सहजबुद्धी अगदीच चुकीची नाही. फक्त ती रुंदी म्हणजे आणखी एका भाषेचा तास की रंग, माती, मैदान आणि प्रश्न विचारण्याची सवय, हे तो विचारीत नाही.

भाषेच्या बाबतीत तर रुंदीऐवजी अरुंदपणाच पदरी पडण्याचा धोका अधिक. तीन वर्षांचे मूल घरी मराठी किंवा भोजपुरी बोलते, शाळेत त्याला इंग्रजीत गप्प बसवले जाते. शिकवणाऱ्या बाईंचे इंग्रजी पुस्तकापुरते. मूल उत्तरे पाठ करते, पण प्रश्न विचारू शकत नाही; प्रश्न विचारण्यासाठी भाषा आपली असावी लागते. घरी आई अभ्यास घेऊ शकत नाही, म्हणून दुसरीपासून शिकवणी लागते. शाळा, बस, शिकवणी यांत संध्याकाळ संपते आणि ज्या खेळासाठी, छंदासाठी हा सारा खटाटोप त्याला वेळच उरत नाही. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते आणि अनेक जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजीची सोय आहे, ही माहिती नव्याने आलेल्या कामगारापर्यंत पोहोचवण्याची तसदी कोणी घेत नाही. सरकारी शाळेला जाहिरातीचे अंदाजपत्रक नसते.

दोन शिक्षकांची शाळा

आता दुसरी बाजू. सर्वांगीण शिक्षण सरकारी शाळेत मिळत नाही ही पालकाची समजूत निराधार आहे, असे ठामपणे म्हणता येईल काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची पाहावी. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. पहिली ते चौथी चार वर्ग, म्हणजे एकेका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन. त्यातच मध्यान्ह भोजनाचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, मतदारयाद्या, सर्वेक्षणे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावयाचे ते सहावी ते आठवीत मिळून शंभराहून अधिक मुले असतील तरच. म्हणजे ज्या वयात हाताला आणि आवाजाला वळण लागते त्या वयासाठी कायद्याने निदेशकाची तरतूदच केलेली नाही, आणि मोठ्या वयासाठी केली ती शंभराच्या अटीवर. लहान शाळेतील मूल चित्र काढील ते वर्गशिक्षकाला आवड असेल तर. राज्यात असे आवड असलेले शिक्षक पुष्कळ आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा ते जगाला दिसले. पण व्यवस्था एखाद्याच्या आवडीवर सोडून देणे याला धोरण म्हणत नाहीत.

शिक्षकांची पदे पटावर ठरतात आणि पट पालकांच्या निर्णयावर. अल्बर्ट हर्षमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या परिस्थितीचे मर्म सांगितले होते. संस्थेचा दर्जा घसरला की माणसे एक तर तक्रार करतात, नाही तर निघून जातात. ज्यांना दर्जाची चाड अधिक आणि खिशात थोडा पैसा अधिक, ती माणसे आधी निघून जातात; आणि तक्रार परिणामकारकपणे करू शकणारीही तीच असतात. नागापूरसारख्या ठिकाणी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मुख्याध्यापकाला जाब विचारू शकेल असा कायम नोकरीतील कामगार, दुकानदार, ग्रामपंचायत सदस्य आणि खुद्द सरकारी शिक्षक, या सर्वांची मुले पिवळ्या बसने दुसरीकडे जातात. मागे राहतात ती बांधकाम मजुरांची आणि हंगामी स्थलांतरितांची मुले. पट घटतो, पद जाते, वर्ग जोडले जातात, आणि पुढच्या जूनमध्ये आणखी चार मुले बसमध्ये चढतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये सुरू केला, त्याला खेड्यापाड्यांतून विरोध झाला तो यामुळेच.

ही घसरण अटळ आहे असे मात्र नाही. असर या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते करोनानंतर २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले, आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. रोजगार बुडाला तेव्हा पालक सरकारी शाळेकडे परतले. त्या दोन-तीन वर्षांत लाखो मुले हाती आली होती. ती टिकवण्यासाठी काही विशेष करण्यात आले नाही, आणि हातात पुन्हा चार पैसे खुळखुळू लागताच ती निघून गेली. इतकी मोठी संधी इतक्या सहज गमावल्याचे दुसरे उदाहरण शिक्षणक्षेत्रात सापडणे कठीण.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरातील सर्व मुलांसाठी एकच शेजारशाळा असावी असे सुचवले होते. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. ती शेजारशाळा झाली नाही. तिची एक फिकट छाया शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांत उतरली. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना त्या जबाबदारीतून सोडवले. नागापूरसारख्या दाट वस्तीत याचा अर्थ जवळपास सर्वच शाळा सुटल्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला हे बरे झाले. तरीही या तरतुदीने सोडतीत नाव निघालेल्या मुलाचा प्रश्न सुटतो, न निघालेल्याचा तसाच राहतो. चिलीने १९८१ पासून सरकारी पैसा पालकाच्या निवडीमागे धावू दिला. तेथे सरासरी गुणवत्ता वाढल्याचे संशोधकांना आढळले नाही, सुस्थितीतील मुले एकीकडे आणि उरलेली दुसरीकडे अशी विभागणी मात्र झाली.

नागापूरच्या बाबतीत एक गोष्ट तुलनेने सोपी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा अथवा उलाढाल असलेल्या कारखान्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण त्या कामांत मोडते. सध्या या पैशातून शाळांना बाके, रंग, दूरचित्रवाणी संच आणि संगणक मिळतात, कारण त्यांवर देणगीदाराचे नाव लिहिता येते. तोच पैसा एकत्र करून वसाहतीच्या आसपासच्या पाच-सहा सरकारी शाळांसाठी मिळून एक चित्रकलेचा, एक संगीताचा आणि एक खेळाचा शिक्षक वर्षभर नेमता येईल. प्रत्येकाने प्रत्येक शाळेत आठवड्याचा एक दिवस द्यावा. तिघांना महिना पंचवीस हजार दिले तरी वर्षाला नऊ लाख रुपये होतात. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे मुलांच्या शाळेवर वर्षाला साठ हजार घालणारी अवघी पंधरा कामगार कुटुंबे एवढी रक्कम खर्च करतात. लोणीच्या ऊस उत्पादकांनी टनामागे कपात स्वीकारली ती कायद्याने भाग पाडले म्हणून नव्हे. येथे कायदाही आहे, पैसाही आहे, आणि मुले कारखान्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहेत. नवीन शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणजे नेमणुकांचा निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारखान्यांची वार्षिक अंदाजपत्रके तयार होत असतानाच, व्हावा लागेल.